उशीच्या अभ्र्यावरचं मांजर

आमच्या घरात भरतकाम एकीलाच यायचं, आणि ती मी नव्हे. एवढं एक वाक्य एकोणिसाव्या वर्षी योग्य माणसासमोर माझ्या तोंडून निघालं असतं, तर आज हे लिहायची पाळी आली नसती. निघालं नाही. आता माझे केस पिकले. सांगायची लाज वाटते ती वाटतेच, पण न सांगता जायची त्याहून जास्त वाटते, म्हणून लिहिते.

माझे वडील घनसावंगीला प्राथमिक शाळेत मास्तर होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं ओटा, मागं न्हाणी, आणि घरात चार माणसं: आई, वडील, मी आणि अक्का. अक्का म्हणजे माझ्या चुलत्याची मुलगी. चुलते वारले, चुलतीनं दुसरं घर केलं, तेव्हा आठ वर्षांच्या अक्काला वडील आमच्याकडं घेऊन आले. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. चौथीपर्यंत शाळेत गेली आणि मग चुलीपाशी बसली ती बसलीच. रंगानं काळी होती आणि डावरी होती. आईनं तिचा डावा हात सोडवायची बरीच खटपट केली. जेवताना डावा हात पुढं आला की पळीचा दांडा बसायचा. जेवायला तेवढी ती उजव्यानं शिकली, बाकी सगळं डाव्यानंच.

मी गोरी, मॅट्रिक पास, आणि एकुलती एक. हे तिन्ही मला कुणी विसरू दिलं नाही, आणि मीही कुणाला विसरू देत नव्हते.

त्या काळी, म्हणजे दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा, आमच्याकडं लग्नाच्या वयाच्या प्रत्येक पोरीच्या घरात एक मांजर असायचं. खरं नव्हे, दोऱ्याचं. उशीच्या अभ्र्यावर, टेबलक्लॉथवर, नाहीतर काचेच्या चौकटीत भिंतीवर. पांढरं मांजर, गळ्यात गुलाबी रिबीन, पुढं लोकरीचा गुंडा. गावभर तेच एक. कारण छापा एकच होता. कुणीतरी जालन्याहून आणलेला पातळ कागद, त्यावर मांजर काढून रेषेरेषेनं सुईची भोकं पाडलेली. तो कापडावर ठेवायचा, नीळ रॉकेलमध्ये कालवायची आणि चिंधीच्या बोळ्यानं वरून पुसायची. खाली ठिपक्या-ठिपक्यांचं मांजर उमटायचं, मग त्यावर भरायचं. तो छापा या घरून त्या घरी फिरून इतका फाटला होता की शेवटच्या पोरींच्या मांजराला तीनच पाय असायचे. पोरगी बघायला पाहुणे आले की आई भिंतीकडं बोट करायची, "हे समदं पोरीनंच केलं बरं का." पाहुण्यांच्या घरीही तेच मांजर असायचं. तरी ते माना डोलवायचे.

अक्का छापा घेत नसे. म्हणायची, "ते मांजर मी कवा बघितलंच न्हाई. रिबीन बांधल्यालं मांजर आपल्याकडं कुठं हाय?" तिचं मांजर आमच्या ओट्यावर होतं. भुरकट, एक कान फाटलेला, भांडखोर, गावातल्या निम्म्या घरांतून हाकललेलं. आमच्याकडं गोणपाटावर झोपायचं. अक्का भाकरी थापता थापता त्याच्याकडं बघत बसायची. दुपारी मांजरपाटाच्या जाड कापडाचा तुकडा घेऊन बसली की कोळशानं दोन रेषा मारायची आणि सुरू. दोरे आईच्या जुन्या लुगड्यांच्या काठांतून ओढलेले, मिशा गोणीची सुतळी उकलून केलेल्या. अंगावरच्या केसांचा जसा ओघ तसा टाका घालायची. पोटापाशी लहान लहान, पाठीवर लांब. आणि कडेनं सगळीकडं देठाचा टाका, तो पीळ घातलेल्या दोरीसारखा दिसतो ना, तसा. एका अभ्र्यावर तिनं ते झोपलेलं मांजर भरलं. फाटका कानसुद्धा भरला. आई म्हणाली, "अगं, कान तरी नीट काढ." अक्का म्हणाली, "मंग ते आपलं कसं राह्यलं?"

ते मांजर बघायला बायका यायच्या. हात लावून बघायच्या. पोट हलतंय की काय असं वाटायचं, खरंच. कापड उलटं केलं तरी मागून गाठ दिसायची नाही. आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. बायका घरात यायच्या, माझ्यासमोरून जायच्या आणि एका काळ्या, चौथी पास पोरीच्या हाताचं कौतुक करून निघून जायच्या. मी छाप्यावरचं मांजर भरून बघितलं. घुशीसारखं झालं. ते मी चुलीत टाकलं आणि अक्काला सांगितलं की उंदरानं नेलं.

मग ते दुपटं झालं. वडिलांच्या शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांना मुलगा झाला, तेव्हा अक्कानं बाळासाठी एक दुपटं शिवून दिलं, कोपऱ्यात तेच मांजर. बारशाला त्या मास्तरांच्या बायकोची मावशी जालन्याहून आली होती. तिनं ते दुपटं हातात धरलं आणि सोडेचना. स्वतः शिवणकाम करणारी बाई. तिचा मुलगा जालन्याच्या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीवर नोकरीला. आठ दिवसांत निरोप आला: ज्या पोरीनं हे मांजर भरलं ती पोरगी आम्हाला बघायचीय.

दुपटं गुरुजींच्या घरच्या पोरीनं दिलं, एवढंच त्यांना ठाऊक होतं; निरोपात दुसरं काही नव्हतं. रंग विचारला नव्हता, शिक्षण विचारलं नव्हतं. वडिलांनी तो आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "नोकरीवाला पोरगा हाय. आपली धाकटी मॅट्रिक..." वडिलांनी तिला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाले, "मांजर तिनं भरलं, स्थळ तिचं." वडील आवाज चढवत नसत. त्यामुळं विषय तिथंच संपला.

अक्काला तोवर तीन जणांनी नाकारलं होतं. तिघांनीही घरात पाऊल ठेवल्यावर दोन मिनिटांत. हे चौथं स्थळ आणि पहिलंच असं, की जे तिच्या हातामुळं आलं होतं. तिला ते कळत होतं. एरवी तोंडातून काही न मागणारी अक्का त्या आठवड्यात माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुझी निळी साडी देशीन का? एकाच दिवसाला." नायलॉनची निळी साडी, वडिलांनी मला मॅट्रिकच्या निकालाला घेतलेली. मी म्हटलं, देईन. तोंड वाकडं करून म्हटलं, पण म्हटलं. तिनं त्यावर घालायला माझं जुनं पोलकं उसवून स्वतःच्या मापाचं केलं. रोज रात्री जेवण झालं की ते हातात घेऊन बघायची आणि परत घडी करून ठेवायची.

पाहुणे दुपारच्या बसनं येणार होते. त्या दिवशी सकाळी वडील शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकायला गेले. आई कपबशा उसन्या आणायला शेजारच्या गल्लीत गेली. अक्का खाटेवरच्या चादरी घेऊन विहिरीवर गेली, जाताना मला म्हणाली, "साडी काढून ठेव बरं, आल्याबरूबर नेसते." मी साडी काढली. आणि नेसले. का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, एकदा नेसून बघते, मग देते. खोटं आहे. तिला ती घडी मोडलेली मिळावी, एवढंच मला हवं होतं. इतका हलका हेतू होता. पुढचं सगळं त्यातून झालं.

पाहुणे सकाळच्याच बसनं आले. दारात एक बाई, तिचा भाऊ, आणि मागं पांढरा शर्ट, खिशाला पेन लावलेला मुलगा. मी निळ्या साडीत दार उघडलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मला आजही दिसतं. मी पाणी दिलं. सांगायचं होतं की बसा, अक्का येईल इतक्यात. मुलगा पाणी पिताना पेल्यावरून माझ्याकडं बघत होता. मी त्याचा रिकामा पेला परत भरून दिला.

त्या बाई खाटेवर टेकल्या. उशीवर ते मांजर होतं. त्यांनी उशी मांडीवर घेतली, अभ्रा काढला आणि उलटा केला. बाकीच्या बायका सुलटी बाजू बघायच्या, या बाईनं आधी उलटी बाजू बघितली. अंगठा टाक्यांवरून फिरवत फिरवत विचारलं,

"हे कोनी भरलं?"

काही क्षण होते. ते फार होते, पुरेसे होते, उगाच पटकन निघून गेलं असं मी म्हणणार नाही. मला आठवतं, मी विचार केला. अक्काचं पोलकं खुंटीवर टांगलेलं होतं, ते मला दिसत होतं. आणि मी म्हणाले, "मी."

बाईंनी मान वर केली. माझा उजवा हात हातात घेतला, बोटं उघडून बघितली. "तू भरलं? ह्याच हातानं?"

"हो. ह्याच हातानं."

त्यांनी हात सोडला. मागच्या दारात अक्का उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही. ओल्या चादरींचं गाठोडं काखेत, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. तिनं पाहुण्यांना हात जोडले. "ही कोन?" मुलाच्या मामानं विचारलं. मी म्हणाले, "बहीण. चुलत." अक्का म्हणाली, "च्या ठेवते," आणि आत गेली.

आई कपबशा घेऊन आली. तिनं माझ्या अंगावरची साडी बघितली, बाईंच्या मांडीवरचा अभ्रा बघितला, आणि तिला सगळं कळलं. ती कपबशा मांडायला बसली. मनातून तिला बरंच वाटलं असणार. बाईंनी मला कागदावर नाव लिहायला सांगितलं, मी झोकात लिहून दाखवलं. अक्कानं पोहे आणले, एकेकापुढं ताटली ठेवली. मग वडील आले. मुलाचे मामा हसत म्हणाले, "गुरुजी, पोरगी पसंत हाय आमाला."

वडील म्हणाले, "कोणती?"

सगळे हसले. त्यांना वाटलं गुरुजी गमतीचे आहेत. वडील हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते आता बोलणार एवढ्यात अक्कानं त्यांच्यासमोर पोह्यांची ताटली ठेवली आणि हळूच मान हलवली. नको म्हणून. वडील खाली बसले आणि त्यांनी ते पोहे खाल्ले. त्यानंतर लग्नापर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पाहुणे गेल्यावर ते जालन्याला जाऊन खरं सांगून यायला निघाले होते. चप्पलही घातली होती. अक्कानंच अडवलं. म्हणाली, "काका, त्यांनी तिला बघितली, पसंत केली. आता मला बघून काय व्हनार? तिचं मोडंल अन् माझं बी जुळायचं न्हाई. बसा." मी आतल्या खोलीत पोटाशी पाय घेऊन पडले होते. बाहेर येऊन मला बोलता आलं असतं. पुढं लग्नाला दीड महिना होता, त्यातल्या कुठल्याही दिवशी बोलता आलं असतं. रोज ठरवायचे आणि रोज संध्याकाळ व्हायची.

वर आणखी जालन्याहून निरोप आला, की येताना पोरीनं दाराला एक पडदा भरून आणावा, त्यावर असंच मांजर. मी रडायला लागले. अक्का म्हणाली, "रडून काय मांजर व्हतंय का?" ती मला शिकवायला बसली. "शीक, न्हाईतर तिथं पकडली जाशीन." माझी बोटं भोसकून निघाली, आणि चार दिवसांच्या कष्टानं जे झालं त्याला शेपूट होती म्हणून जनावर म्हणायचं. शेवटी पडदा तिनंच भरला. माझ्या लग्नासाठी, माझ्या नावावर, स्वतःच्या गेलेल्या स्थळाच्या दाराला. त्या मांजराला तिनं तोंड काढलं नाही, पाठमोरं बसवलं, बाहेर बघणारं. मी विचारलं का. म्हणाली, "तोंड काढायला मन न्हाई लागून राह्यलं."

लग्न आमच्या रीतीनं झालं. पांढरी साडी नेसून मी सगळ्यांच्या मागोमाग पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून रोज म्हणत आलेले, झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. त्या दिवशी तिथं आल्यावर मला ते म्हणता आलं नाही. मी नुसते ओठ हलवले. पहिल्या रांगेत वडील बसले होते, ते माझ्या ओठांकडेच बघत होते.

सासरी माझ्याआधी माझी कीर्ती पोचली होती. आळीतल्या बायका पडदा बघायला आल्या आणि जाताना प्रत्येकीनं आपापलं कापड माझ्या मांडीवर ठेवलं. एकीला उशीसाठी हवं, एकीला झबल्यावर. मी म्हणाले, डोळे दुखतात. हे एकदा म्हटल्यावर रोज म्हणावं लागलं. मग नवऱ्यानं काळजीनं मला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथं पाटीवरची अक्षरं मला लख्ख दिसत होती आणि मी चुकीची वाचत होते. चष्मा लागला. चांगल्या डोळ्यांवर तो चष्मा मी अडीच वर्षं वागवला. त्यातून बघून डोकं दुखायचं, तर सासूबाई कपाळाला बाम चोळायच्या. चोळताना काही बोलायच्या नाहीत. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

अक्काचं लग्न पुढच्या वर्षी झालं, भोकरदनकडं धावड्याला. बायको गेलेला शेतकरी, पदरात दोन मुलं. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं तिचं काही भरलेलं बघितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. त्याला घरात एक बाई पाहिजे होती. मी लग्नाला गेले, चष्मा लावून गेले. अक्का माझ्या तोंडाकडं बघून हसली. म्हणाली, "हे काय गं?" मी म्हणाले, नंबर लागला.

मला दिवस गेले तेव्हाची गोष्ट. पाचवा महिना होता. एके दिवशी दुपारी आत्याबाईंनी पेटीतून मऊसूत धुतलेलं कापड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"दुपट्याला हाय. ह्याच्यावर मांजर भरून आन."

मी म्हणाले, "आत्याबाई, माझे डोळे..."

"तुला कोन म्हनलं? धावड्याहून आन. तुझ्या बहिनीकडून."

त्या शांतपणे कापडाच्या घड्या मोडत होत्या. "मला त्याच दिवशी कळलं व्हतं, पोरी. ते मांजर डाव्या हाताचं हाय. देठाच्या टाक्याचा पीळ उलटा पडतो डावऱ्या मानसाचा. माझी माय डावरी व्हती, मी तिच्याजवळच शिकले. तू पानी दिलं उजव्यानं, नाव लिवलं उजव्यानं. अन् ती पोरगी ताटल्या ठेवून राह्यली व्हती डाव्या हातानं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"दोनदा इचारलं की तुला. हात धरून इचारलं." मग म्हणाल्या, "अन् मी बी काय सोन्याची न्हाई. पोराला तू आवडली. मी म्हनलं, नोकरीवाल्या पोराला गोरी, शिकल्याली पोरगी बरी दिसंल. आले व्हते हातासाठी, घेऊन गेले तोंड." त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "अन् तो चष्मा काढ आता. लेकरू भ्यायचं."

मी चष्मा काढला. त्यानंतर पुन्हा लावला नाही. त्याचं काय झालं हे नवऱ्यानं विचारलं, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिला सांगून ये, आम्हाला कळलंय म्हणून."

जेठाच्या उन्हात भोकरदनची बस धरून मी धावड्याला गेले. अक्का पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. बोटांना भेगा पडल्या होत्या. मला बघून उठली, पोटाकडं बघून हसली. ओट्यावर एक पिवळट मांजर पसरलं होतं. मी कापड पुढं केलं आणि आत्याबाईंचा निरोप सांगितला. तिनं कापड चोळून बघितलं. "चांगलं हाय," म्हणाली. "कवापासून सुई हातात धरली न्हाई गं मी."

मी दोन दिवस राहिले. शेतातून आली की ती सावलीला बसायची आणि भरायची. दोरा तिच्या बोटांच्या भेगांत अडकायचा. मग ती बोटांना तेल लावायची, पुसायची आणि पुन्हा भरायला घ्यायची. दुसऱ्या दिवशी माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, "अक्का, आत्याबाईंना तेव्हाच माहीत होतं."

"मला माहीत हाय." तिनं दातानं दोरा तोडला. "कापड उलटं केलं तवाच कळलं असंल त्यांना. भरनाऱ्या बाईला कळतंच."

"पण तू तर विहिरीवर होतीस."

"आल्ते मी." ती सुईत दुसरा दोरा ओवत होती, त्यामुळं माझ्याकडं बघत नव्हती. "त्यांनी पैल्यांदा इचारलं ना, हे कोनी भरलं, तवाच मागच्या दारात आल्ते. ऐकलं. मंग चादरी खाली ठेवल्या, हात पुसले, केस मागं सारले. पदर बराबर केला. म्हनलं, आता तू हाक मारशीन. म्हनशीन, ही बघा, हिनं भरलं." दोरा ओवला गेला. "मंग तू 'मी' म्हनलीस. मंग मी चादरी परत काखेत घेतल्या, अन् आताच आल्यावानी उभी राह्यले."

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला धरून बदडलं असतं तरी चाललं असतं. ती नुसती सांगत होती, आणि तिची सुई चालू होती. मी म्हणाले, "मग तू का नाही बोललीस?"

"मी काय बोलनार? इचारलं तुला व्हतं."

मी तिच्या पायाला हात लावायला गेले तर तिनं पाय मागं घेतला. "सूत गुंतंल," म्हणाली. मग मी तिथं बसून शेंगा फोडत राहिले. दुसरं काही मला करता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मांजर पूर्ण झालं. या मांजराला तोंड होतं. कानही फाटका होता, घनसावंगीच्या त्या जुन्या मांजराचा, जे तोवर कधीच मरून गेलं होतं.

दिवाळीच्या आसपास मुलगी झाली. बाळंतपण घनसावंगीला झालं आणि महिन्याभरानं जालन्याला तिचं नाव ठेवलं. वंदना झाली, पंचशील झालं, या वेळी मी चौथ्या शीलाला अडखळले नाही. आळीतल्या बायका पाळण्याभोवती जमल्या. एकीनं दुपट्याचा कोपरा उचलून विचारलं, "अगं बाई, हे कोनी भरलं?"

आत्याबाई पाळण्याच्या पलीकडं उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "माझ्या बहिणीनं. धावड्याला असते ती. डावरी आहे. पडद्यावरचंही तिनंच भरलंय, माहेरच्या उशीवरचंही तिनंच. मला भरता येत नाही."

एवढंच होतं. दोन श्वासांत बोलून झालं. बायका म्हणाल्या, असं होय, आणि पेढे खायला वळल्या. कुणी मला काही म्हणालं नाही, कुणाचं काही मोडलं नाही, कुणाचं काही जुळलंही नाही. मी पाळण्याची दोरी धरून उभी राहिले. इतकं सोपं होतं ते, आणि जेव्हा त्यानं एका पोरीचं घर झालं असतं तेव्हा मी ते बोलले नव्हते.

अक्काला बारशाचं बोलावणं गेलं होतं. ती आली नाही. धावड्याला कापसाची वेचणी चालू होती.